एकाच शटडाऊनमध्ये दोन कामं

रमाकांत फणसे यांना पित्ताशयात खडे आहेत आणि शिवाय बेंबीपाशी हर्निया आहे, असं दोन्ही एकदमच कळलं, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? भीती? छे! त्यांना बरं वाटलं. दुखणी दोन, पण पोट एकच. म्हणजे एकदाच भूल, एकदाच दवाखाना, एकदाच काय ती यातायात. आता या माणसाला काय म्हणावं! बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या सेव-उसळीच्या गाडीवरून उठून घरी येईपर्यंत बरगडीखाली अशी कळ यायची की वाटेत कुणाच्या तरी कंपाउंडला धरून उभं राहावं लागायचं, आणि हा गृहस्थ सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून खूश.

पण रमाकांतरावांची उमेदीची सगळी वर्षं रिफायनरीत मेंटेनन्समध्ये गेली होती, हे लक्षात घ्या. कऱ्हाडहून तरुणपणी बडोद्याला आले ते तिथंच रिटायर झाले. तिथली रीत अशी, की युनिट एकदा बंद करून थंड केलं, म्हणजे शटडाऊन घेतला, की त्यात होतील तेवढी सगळी कामं उरकून टाकायची. एखादा व्हॉल्व्ह राहिला आणि त्याच्यापायी पुन्हा युनिट बंद करायची पाळी आली, तर ज्यानं कामं आखली त्याला कँटीनमध्ये तोंड वर करून बसता येत नसे. रमाकांतरावांवर तशी पाळी कधी आली नव्हती. ती या वयात स्वतःच्या पोटावर येऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

सर्जन होत्या हेतल पारीख नावाच्या. तरुण, बोलायला गोड, पण ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. दोघांचं बोलणं सगळं गुजरातीत झालं. बडोद्यात चाळीस वर्षं काढल्यावर रमाकांतरावांना त्याचं काही वाटत नसे. आपण ते मराठीत ऐकू.

"दोन्ही एकत्र करता येतं की नाही?" रमाकांतरावांनी विचारलं.

"येतं. पुष्कळदा करतो. कॅमेरा बेंबीतूनच आत घालायचा असतो, आणि तुमच्या हर्नियाचं भोकही तिथंच आहे. पण–"

रमाकांतरावांना हा 'पण' मुळीच आवडला नाही.

"पण पित्ताशय स्वच्छ निघालं पाहिजे, काका. हर्नियाला जाळी बसवायची असते. जाळी ही शरीराला परकी वस्तू. पित्ताशय सडलेलं असलं, काढताना फुटलं आणि ती घाण पोटात सांडली, तर तिथं लगेच जाळी बसवणं धोक्याचं. जंतू एकदा जाळीत घुसले की जखम महिनोन् महिने वाहते आणि शेवटी जाळीच काढावी लागते. आत तसं दिसलं, तर मी पित्ताशय काढीन आणि थांबेन. हर्नियाचं नंतर बघू."

"थांबायचं कशाला? मी लिहून देतो ना. माझी जबाबदारी."

"तुमची कशी? तुम्ही तर झोपलेले असणार."

डॉक्टरीणबाईंनी वर हेही सांगून टाकलं, की ऑपरेशनच्या वेळी घरचं माणूस बाहेर पाहिजे. पोटात काय निघेल ते आधी सांगता येत नाही. निघालं ते बाहेर येऊन कुणाला तरी सांगावं लागतं. "कोण आहे तुमच्याकडे?"

"आहेत की! मुलगी आहे पुण्याला. मेहुणा आहे इथंच, रावपुऱ्यात."

खोटं नव्हतं त्यात काही. मुलगी कांचन पुण्याला होती, शाळेत शिकवत होती. मेहुणा मुकुंद, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रावपुऱ्यात होता, चष्म्याचं दुकान होतं त्याचं. दोघंही चांगली माणसं. हाक मारली असती तर दोघंही धावत आली असती, आणि नेमकं हेच रमाकांतरावांना नको होतं.

कारण सांगतो. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको स्नेहलता गेली, ती सुखासुखी गेली नाही. आजारपण लांबलं. त्या सगळ्या काळात रावपुऱ्यातून डबा यायचा, रोज. मुकुंद दुकान बंद करून स्कूटरवर डबा आणायचा आणि रात्रीचा बसायचाही. कांचन पुण्याहून येऊन जाऊन असायची. तिच्या रजा संपल्या, मग बिनपगारी झाल्या, मग मुख्याध्यापिकेनं तोंड सोडलं. कुणी एका शब्दानं कुरकुरलं नाही हो. पण एके दिवशी रमाकांतराव औषधं घेऊन दवाखान्याचा जिना चढत होते, तर पायरीवर मुकुंद बसलेला. मांडीवर डबा, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं, गाढ झोपलेला. लोक त्याला ओलांडून जात होते. रमाकांतराव तिथंच थबकले. या माणसाकडून आपण किती घेतलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या क्षणी त्यांनी हिशेब मिटवून टाकला: आता पुरे. आपल्या वाट्याचं सगळं आपण वापरून टाकलं. उरली असेल तर एकच हाक उरली असेल, आणि ती शेवटच्या आजारासाठी राखून ठेवायची.

म्हणून दोन्ही कामं एकदम उरकायची ही धडपड. एकदा झालं की सुटलो, पुन्हा कुणाची गरज नाही. आणि पुढं विचार करता करता त्यांना वाटायला लागलं, की एकदा तरी कशाला बोलवायचं?

मग त्यांनी जे केलं ते असं. कांचनला फोन करून सांगितलं, "छोटंसं ऑपरेशन आहे. मुकुंदमामा असणारेय माझ्याजवळ. तू मुळीच येऊ नकोस, तुझ्या दहावीच्या वर्गाचं बघ." आणि मुकुंदला फोन करून सांगितलं, "कांचन येतेय पुण्याहून. तू मुळीच धावपळ करू नकोस."

दोघंही म्हणाली, बरं. दोघांनाही हायसं वाटलं असणार, आणि त्यात त्यांचा काय दोष?

आता तुम्ही म्हणाल, असलं खोटं टिकतं थोडंच! मामा-भाचीचा एक फोन झाला की फुगा फुटला. अगदी बरोबर. रमाकांतराव मूर्ख नव्हते, त्यांनाही ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर फुगा फुटावा म्हणूनच त्यांनी तो इतका पातळ फुगवला होता. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा ते लगबगीनं उठले. आता मुकुंदा ओरडणार, 'काय हो भावोजी, आम्हाला बनवता काय?' त्यावर काय म्हणायचं तेही त्यांनी योजून ठेवलं होतं. 'अरे, गंमत केली,' असं म्हणून हसायचं, आणि मग 'येतोस तर ये बाबा, तुला कोण अडवणार' असं म्हणायचं. म्हणजे बोलावलंही नाही आणि माणूस आलाही. फोन उचलला तर तो केबलवाल्याचा होता.

त्या आठवड्यात त्यांनी किती वेळा फोनकडे पाहिलं असेल, देवाला ठाऊक. ऑपरेशनच्या आधी एकदा मुकुंदचा फोन खरंच आला. "भावोजी," तो म्हणाला, आणि रमाकांतराव खुर्चीत सरळ बसले. "भावोजी, तुमच्याकडे त्या प्लंबरचा नंबर आहे का हो? आमची टाकी गळतेय." नंबर दिला. "आणि कांचनला म्हणावं, जाताना आमच्याकडे जेवून जा. तिची मामी वाट बघेल." सांगतो म्हणाले. फोन ठेवला. कप्पाळ! मामाला भाचीला जेवायला बोलवायचंय, पण निरोप तो बापाकडे देतो. स्वतः तिला फोन करावा असं काही त्याच्या मनात येत नाही.

भांडण नव्हतं बरं का कुणाचं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. पूर्वी सगळ्यांचे फोन स्नेहलताच करायची. कांचनचा खोकला मामीला कळायचा तो तिच्याकडून, मामीचे पापड पुण्याला पोचायचे ते तिच्याकडून. ती गेली आणि कोण कुणाशी बोलणार हे कुणी ठरवलंच नाही. रमाकांतरावांना हे असं स्वच्छ दिसलं ते या आठवड्यात. त्यांचं खोटं टिकलं, आणि टिकलं म्हणून त्यांना रडू आलं. स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं, आणि ओट्याशी उभ्या उभ्या रडले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रिक्षानं एकटेच गेले. कांचनचा फोन आला, "मामा आले का?" तर म्हणाले, "खाली स्कूटर लावतोय. आणि हे बघ, इथं आत फोन लागत नाही, संध्याकाळी मीच करीन." नर्सनंही विचारलं, बरोबर कोण? तिलाही तेच सांगितलं, खाली स्कूटर लावतोय. तिला दहा कामं होती. येतील वर तेव्हा सही घेऊ, म्हणाली आणि गेली.

खरी चीड येते ती इथं. रिफायनरीत टाकीच्या आत माणूस उतरवायचा असला, तर टाकीच्या तोंडाशी दुसरा माणूस उभा पाहिजे, हा नियम. आतल्याला काही झालं तर ओरडायला. याच रमाकांत फणशांनी एकदा भर उन्हाळ्यात अख्ख्या टोळीला टाकीतून बाहेर काढून काम बंद पाडलं होतं. का, तर तोंडाशी उभा असलेला माणूस चहाला गेला होता. ठेकेदार हातापाया पडला, तरी हे हलले नाहीत. आणि स्वतः आत जाताना मात्र बाहेर चिटपाखरू नाही! स्ट्रेचरवरून नेताना त्यांना त्या टोळीची आठवण झालीसुद्धा. पण तोपर्यंत हाताला सुई टोचलेली होती, आणि उठून परत जायचं म्हणजे पुन्हा चार लोकांना कारण सांगायला हवं. आपलं नाकासमोर बघत गेले. भूल देणाऱ्यानं "शेठ, शांत पडा," म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात एवढंच होतं, की दोन्ही एकदम होऊ दे, म्हणजे झालं.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. घसा सोलवटल्यासारखा, पोट जड. हात हळूच बेंबीकडे नेला, पण पट्टीवरून काय कळणार?

शेजारच्या खाटेवर सावली तालुक्यातला एक शेतकरी होता, त्याचंही सकाळीच काहीतरी झालेलं. त्याच्या उशाशी त्याची बायको बसली होती, रेवाबेन. रमाकांतरावांनी डोळे उघडलेले बघून ती उठली, चमच्यानं त्यांच्या ओठांना पाणी लावलं, आणि कौतुकानं म्हणाली, "तमारा पथरा में जोया."

तुमचे खडे मी पाहिले! रमाकांतरावांना आधी उमजेना. मग ती सांगत गेली. पित्ताशयातले खडे काढले की डॉक्टर ते ट्रेमध्ये घालून बाहेर आणतात, घरच्यांना दाखवतात, तशी रीतच आहे. तर डॉक्टरीणबाई दारात उभ्या, हातात ट्रे, आणि हाका मारताहेत, "रमाकांतभाईनां सगां कोण छे?" बाकावरचे सगळे एकमेकांकडे बघताहेत. कुणी उठेना. पुन्हा हाक मारली, तरी कुणी नाही. "मला बरं नाही वाटलं," रेवाबेन म्हणाली. "माणसाच्या पोटातनं काढलेलं, आणि बघायला कुणी नाही म्हणजे काय? मी उठले. म्हटलं, मला दाखवा. त्या म्हणाल्या, तू कोण यांची? म्हटलं, शेजारच्या खाटेची." आणि हसली. "पुष्कळ होते हो. हरभऱ्याएवढे. एक तर चांगलाच मोठा." मग तिचं हसू ओसरलं आणि तिनं हळूच विचारलं, "कोई नथी तमारुं?"

"आहेत," रमाकांतराव म्हणाले. "सगळे आहेत."

"मग?"

या 'मग?'चं उत्तर त्यांना गुजरातीत देता येईना, आणि मराठीत तरी कुठं येत होतं? त्यांनी मान भिंतीकडे वळवली. नवऱ्याला पेज भरवून झाल्यावर उरलेली तिनं यांना विचारली. नर्स ओरडली, आज काही द्यायचं नाही.

संध्याकाळी हेतलबेन आल्या. पहिल्या भेटीतला गोडवा काही चेहऱ्यावर नव्हता.

"काय काका, मेहुणे अजून स्कूटरच लावताहेत का?"

रमाकांतरावांनी नुसतं पोटावरच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"पित्ताशय पुवानं भरलं होतं. सगळीकडे चिकटलेलं. सोडवताना फुटलं आणि आत सांडलं. ते सगळं धुऊन काढलंय, नळी ठेवलीय, तुम्ही बरे व्हाल. पण जाळी बसवलेली नाही. बेंबीचं भोक नुसतं टाके घालून बंद केलंय, ते काही कायमचं टिकायचं नाही. तीन-चार महिन्यांनी परत या, मग हर्नियाचं पक्कं काम करू."

"परत?" रमाकांतरावांच्या तोंडून एवढंच निघालं. म्हणजे झालं ते अर्धंच, आणि हे सगळं पुन्हा!

"हो, परत. घातली असती जाळी आणि सडली असती, तर तीनदा यावं लागलं असतं." मग त्या जरा थांबल्या, खुर्ची ओढून बसल्या. "तुम्हाला खरं सांगू? मी विचारायला बाहेर आले नव्हते. जाळी मी घालणारच नव्हते, कुणी काहीही म्हटलं असतं तरी. मी सांगायला आले होते. आत माणूस उघडा पडलेला असतो, ठरवल्याप्रमाणे होत नसतं, तेव्हा त्याच्या माणसाला सांगितलं की मला पुढं काम करता येतं. ते मी या बाईला सांगितलं, जिला तोपर्यंत तुमचं नावही माहीत नव्हतं." उठता उठता म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुमचं माणूस माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय मी तुम्हाला भूल देऊ देणार नाही. तेवढं ठरवून या."

त्या गेल्या. वॉर्डात भेटीची वेळ झाली होती. प्रत्येक खाटेभोवती माणसं जमली, थर्मास उघडले, केळी सोलली गेली, कुणाची तरी नात खाटांमधून पळायला लागली. रमाकांतरावांच्या खाटेपाशी कुणी नाही म्हणून त्यांचं स्टूल एकानं विचारून नेलं. नेऊ दे म्हणाले.

मग त्यांनी उशीखालचा फोन काढला आणि पुण्याला लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बाबा! झालं? केव्हाची वाट बघतेय मी. कसं वाटतंय?"

"बरं आहे."

"दोन्ही झालं ना एकदम? तुम्हाला हवं होतं तसं?"

"नाही. एकच झालं. दुसरं राहिलं."

"म्हणजे? काय झालं? मामांना द्या बरं फोन. काय म्हणाले डॉक्टर ते त्यांना विचारते."

रमाकांतरावांना अजूनही सुटता आलं असतं. मामा औषधं आणायला गेलाय, म्हटलं असतं तर ही पोरगी तेही खरं मानून गेली असती. जिभेवर आलंही होतं. पण मग पुढं? तीन-चार महिन्यांनी पुन्हा हेच, पुन्हा हीच जुळवाजुळव, पुन्हा फोनकडे बघत बसणं. त्यांच्याच्यानं होईना.

"मामा नाहीये इथं," ते म्हणाले. "आलाच नव्हता. त्याला मी सांगितलं होतं, तू येणार म्हणून."

फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी कानापासून काढून बघितला. चालू होता.

"म्हणजे कुणीच नव्हतं?" कांचनचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाबा, दिवसभर तुमच्याजवळ कुणीच नव्हतं?"

"शेजारची बाई होती. चांगली आहे."

"का पण? असं का केलंत? मी आले नसते का? एकदा नुसतं ये म्हणायचं होतं!"

"तुम्ही आईचं इतकं केलंत गं. मला वाटलं, आता आणखी कुठं..."

ती रडत होती. रडता रडताच मध्येच म्हणाली, "गेल्या रविवारी मामांना फोन करायला घेतला होता मी. म्हणणार होते, बाबांना रात्री एकटं ठेवू नका. नंबर लावलासुद्धा. आणि मग बंद केला."

"का गं?"

"म्हटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही रागवाल. म्हणाल, माझ्यामागं चौकशा करता. तुम्हाला नाही ना आवडत कुणी चौकशी केलेली."

रमाकांतरावांनी डोळे मिटले. पोटातले टाके ओढत होते आणि त्यांना हुंदका आवरत नव्हता, त्यामुळे शब्द सुटे सुटे आले.

"करायचा होतास गं," ते म्हणाले. "मी रोज वाट बघत होतो."